माजी विद्यार्थ्यांचे आवाज: दापोली ते वेंगुर्ले टप्प्याच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. यादी आणि वेळापत्रक

देशभर विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवण्याच्या कामातला हा कोकणचा टप्पा. शेती आणि मत्स्यशास्त्र शिकलेल्यांपुरता. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे, कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चे, रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ चे. दापोलीच्या पहिल्या तुकडीतली माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून यादीत वयाने सर्वांत मोठे नाव सर्वांत आधी, मग गाव वाटेवर असो की आडवाटेला.

महिना गावाच्या कामांकडे पाहून ठरवला. जून ते सप्टेंबर कौलांवर आणि पत्र्यावर पाऊस वाजत असतो. त्याखाली दबलेले बोलणे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने स्वच्छ होत नाही. गणपतीत चाकरमानी मंडळी गावात हमखास भेटतात, पण घर भरलेले, आरत्या आणि भजने चाललेली. तेव्हा फक्त पत्ते आणि फोन नंबर घ्यावेत. शिमग्यात पालखी घरोघर असते. मार्चपासून मेअखेरपर्यंत बागायतदाराला पेट्या भरायला रात्र पुरत नाही. उरतात भातकापणी आटोपल्यानंतरचे दोन महिने. यंदा त्यातच २० नोव्हेंबरचे विधानसभेचे मतदान आहे: प्रचाराच्या रिक्षा १८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत फिरणार, आणि नोकरीत असलेले शिक्षक निवडणुकीच्या कामावर जाणार. रस्त्यालगतची घरे १९ नंतर, आत वाडीतली घरे आधी, असा क्रम लावला.

नावे जुळवताना चुकीला वाव फार. १ मे १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, त्यामुळे १९७५ च्या प्रवेश अर्जावर वेंगुर्ल्याच्या मुलापुढे ‘जि. रत्नागिरी’ असते, रायगडच्या मुलापुढे ‘जि. कुलाबा’. संगणकावर जिल्ह्यानुसार चाळणी लावली की ही नावे चुकीच्या गठ्ठ्यात पडतात. शिरगाव रत्नागिरीजवळ आहे, देवगड तालुक्यात आहे आणि चिपळूण तालुक्यातही आहे. मुरुड दापोलीचे वेगळे, जंजिऱ्याचे वेगळे. गावापुढे तालुका आणि पिन कोड लिहिल्याशिवाय ओळ पक्की धरायची नाही. मुलींची नावे पदवीच्या नोंदवहीत माहेरची असतात आणि गावात त्यांना सासरच्या नावानेच ओळखतात. दोन्ही नावे दोन वेगळ्या रकान्यांत ठेवली. शिवाय १९७२ पूर्वी काही वर्षे दापोलीचे महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली होते. त्या वर्षांतल्या विद्यार्थ्याचे कागद दापोलीत सापडले नाहीत म्हणून तो दापोलीचा नव्हे, असे होत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार. सामान

दोन वाहिन्यांचे रेकॉर्डर दोन, एक कामाला आणि एक राखीव. पहिल्या वाहिनीवर कॉलरचा छोटा माइक, दुसऱ्या वाहिनीवर स्टँडवरचा एकदिशा (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) माइक, तोंडापासून ५० ते ६० सेंटिमीटरवर. दोन्ही एकदम चालू ठेवायचे. कॉलरचा माइक कपड्याला घासला तर स्टँडवरचा उपयोगी पडतो, आणि माणूस मागे रेलून बसला तर कॉलरचा.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ नको: त्यात गाळला गेलेला आवाज परत मिळत नाही, आणि मूळ प्रत हीच पुढच्या शंभर कामांची आई असते. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी ३ बाइट, वाहिन्या दोन. तासाला साधारण १.०४ गिगाबाइट. ३२ गिगाबाइटचे कार्ड तीस तास पुरते, तरीही रोज नवे कार्ड घालायचे. कार्ड हरवले तर एकच दिवस जातो, सगळा टप्पा जात नाही.

पातळी अशी लावावी की नेहमीच्या बोलण्यातले उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा). जुने प्राध्यापक सुरुवातीला हळू बोलतात आणि वीस मिनिटांनी वर्गात असल्यासारखे बोलू लागतात. वरची जागा त्यासाठी मोकळी ठेवायची. २४ बिटमध्ये आवाज थोडा कमी घेतला तर नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

बाकी: डबल ए चार्जेबल सेल १६, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, माइकला फरची टोपी, दोन जाड गोधड्या, कपड्याचे चिमटे, कापडी चिकटपट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजावे. ११० ते १२० अंशांवर दोनतीन तास तापवले की पुन्हा निळे होतात. किनाऱ्यावर ही काळजी सोडता येत नाही. बॅटरीच्या पितळी टोकांवर खारी हवा आठवड्याभरात हिरवट थर आणते आणि रेकॉर्डर मध्येच बंद पडतो.

९ नोव्हेंबर, शनिवार. दापोली

पाहुण्याला पडवीत बसवतात, आणि पडवी ध्वनिमुद्रणाला घरातली सर्वांत वाईट जागा. समोर खळे, कोंबड्या, पाणंदीवरून जाणारी मोटरसायकल. नवीन स्लॅबच्या घरातला हॉलही नको. फरशी, काच आणि कोऱ्या भिंती यांत आवाज घुमतो. जुन्या चिरेबंदी घराचे माजघर उत्तम: खिडक्या लहान, कोपऱ्यात भाताची पोती, दांडीवर कपडे, वर लाकडी माळा. पोती आणि कपडे आवाज पितात. माजघर नसेल तर गाद्यांची खोली मागावी आणि बोलणाऱ्याच्या मागे गोधडी टांगावी.

पंखा बंद, इन्व्हर्टरवर असेल तर तो सुद्धा. स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेवर पंखा आणि चार्जर दोन्ही गुरगुरतात, आणि चार्जर रेकॉर्डरला जोडलेला असेल तर ती गुरगुर थेट फाइलमध्ये उतरते. रेकॉर्डर नेहमी सेलवर चालवावा. फोन बाजूला ठेवून भागत नाही, विमान अवस्थेत टाकावा. सिग्नल शोधताना तो तारेत टिकटिक सोडतो आणि कोकणच्या घळीत सिग्नल तर सतत शोधला जातो. फ्रीजचा प्लग काढला की गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. निघताना किल्ली घ्यायला फ्रीज उघडावाच लागतो आणि प्लग पुन्हा लावला जातो. मासे भरलेल्या फ्रीजच्या घरात ही सवय फार मोलाची.

कॉलरचा माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर. मंगळसूत्र असेल तर मणी वाजतात, म्हणून पदर असलेल्या खांद्याच्या विरुद्ध बाजूला ब्लाउजच्या काठाला. नायलॉनची साडी किंवा कडक इस्त्रीचा सदरा खरखरतो. सुती कपडा घालण्याची विनंती आदल्या दिवशीच फोनवर करावी. श्रवणयंत्र असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसावे, समोर नव्हे.

सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव, विचारणाऱ्याचे नाव, भाषा, एवढे मोठ्याने सांगायचे. मग साठ सेकंद कुणीही बोलायचे नाही. या रिकाम्या मिनिटात खोलीचा आवाज मिळतो. नंतर खोकला किंवा हाक कापावी लागली तर तीच जागा त्याने भरायची. घरच्यांना ते मिनिट लांब वाटते, म्हणून आधी सांगून ठेवावे. चहा मुलाखतीनंतर. कपबशी माइकजवळ फार मोठी वाजते.

१० नोव्हेंबर, रविवार. दापोली. साल विचारू नये

आज तीन ध्वनिमुद्रणे ऐकून काढली. ‘सर, आपण कोणत्या साली प्रवेश घेतलात?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी अंदाजाने आले, आणि एकदा चुकीचे साल आले की पुढचा तासभर बोलणारा त्याच सालाला धरून बाकीचे बसवत जातो. एका चुकीमागे दहा चुका. आठवण सालाला बांधलेली नसते, ती प्रसंगाला बांधलेली असते. म्हणून आधी प्रसंग विचारायचा, साल आपण नंतर काढायचे.

कोकणासाठी बांधलेल्या खुंट्या, म्हणजे तारीख पक्की ठाऊक असलेले प्रसंग, आता प्रत्येक मुलाखतकाराच्या वहीत पहिल्या पानावर आहेत. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. ‘तेव्हा वसतिगृहात होतात की घरी?’ एवढे विचारले की तुकडी ठरते. रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले तो १९८१ चा महाराष्ट्र दिन. दहावीची पहिली परीक्षा, १९७५: त्याआधीचे लोक अकरावी मॅट्रिक होऊन आलेले असतात, आणि हा प्रश्न कुणीही चुकत नाही. रोजगार हमीतून फळबाग लागवड, १९९०. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २६ जानेवारी १९९८. अलीकडच्यांसाठी २६ जुलै २००५ चा पाऊस, ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर.

सगळ्यांत जुन्या मंडळींसाठी सर्वांत पक्की खुंटी म्हणजे प्रवासाचे साधन. रस्ता आणि पूल होण्याआधी मुंबईची वाट बोटीची होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणारी, पावसाळ्यात बंद. धक्क्याला पाणी उथळ म्हणून मचव्यातून बोटीपर्यंत जायचे. ‘काका, पहिल्यांदा कॉलेजला निघालात तेव्हा ट्रंक कुणी उचलली, कशात ठेवली?’ असे विचारले की बोट, मचवा, एस.टी., बैलगाडी आपोआप येते, बरोबर महिना येतो, खर्च येतो आणि सोडायला कोण आले होते तेही येते. ‘शिक्षणासाठीचा प्रवास कसा होता?’ असे विचारले तर ‘खडतर’ हा एक शब्द मिळतो.

प्रश्नपत्रिका यावरून पुन्हा लिहिली. ४२ प्रश्नांचे २६ झाले.

१३ नोव्हेंबर, बुधवार. दाभोळ ते धोपावे

फेरीबोटीने पलीकडे. गाडी बोटीवर चढते, त्यामुळे सामान उतरवावे लागत नाही. चिपळूणवरून फिरून जाण्याचा वळसाही वाचतो. बोटीवर डबा उघडू नये, खारे तुषार येतात. आज तुळशीची लग्ने, संध्याकाळी फटाके. पौर्णिमेपर्यंत संध्याकाळची वेळ कुणालाही द्यायची नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. गुहागर परिसर

समुद्राच्या गाजेचा प्रश्न इथे सुटला पाहिजे होता, थोडा सुटला. गाज रुंद असते: खालच्या पट्टीपासून ‘स’ आणि ‘श’च्या पट्टीपर्यंत पसरलेली. ८० हर्ट्झखालचे कापले तर वाऱ्याचा धक्का जातो, गाज तशीच राहते. जास्त कापायला गेले की बोलणाराच नाकात बोलतोय असे वाटू लागते. म्हणून उपाय यंत्रात शोधू नये, वेळेत शोधावा.

वेळ काढायची रीत कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. रोज सुमारे पाऊण तास पुढे. पूर्ण भरतीला लाट घराच्या सर्वांत जवळ फुटते, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने आवाजही मोठा. आज त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे सकाळी साडेनऊची ठरलेली मुलाखत थेट चढत्या भरतीत जाणार होती. ती सोमवारी सकाळवर ढकलली. त्या दिवशी तिथी वद्य तृतीयेपर्यंत गेलेली असेल, भरती पहाटे दोनच्या पुढे आणि दुपारीही तशीच. सकाळी आठ-नऊला ओहोटी मिळते.

भरतीइतकाच वारा बघावा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून जातो आणि मंद असतो. उन्हे चढली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि सुरूची बने सतत सुसाटतात. दुपारनंतरचे ध्वनिमुद्रण किनाऱ्यापासून किमान दोन वाड्या आत घ्यावे. मेंदूच्या दृष्टीनेही सकाळच बरी. पंचाहत्तरीच्या माणसाला दीड तासापेक्षा जास्त बसवू नये, मध्ये पंचेचाळीस मिनिटांनी थांबावे. दमलेल्या आवाजात तपशील आधी गळतात आणि तात्पर्य उरते; आपल्याला तपशील हवे असतात.

१७ नोव्हेंबर, रविवार. रत्नागिरी

मत्स्य महाविद्यालयाच्या पहिल्या काही तुकड्यांतले दोघे. ठिकाण मिरकरवाडा बंदर असावे अशी त्यांची इच्छा होती. तिथे पाच मिनिटांचा परिसर-आवाज वेगळा घेतला: डिझेल इंजिने, बर्फ फोडण्याचा आवाज, लिलावाच्या बोली. मुलाखत मात्र घरी. इंजिनाची धडधड बोलण्याखाली सतत राहिली की ऐकणारा वीस मिनिटांत थकतो. पर्ससीनचा (मोठ्या घेरजाळ्याच्या मासेमारीचा) हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, त्यामुळे बोटीशी संबंध असलेल्यांना आत्ता वेळ नसतो. त्यांची खरी वेळ जून-जुलैची मासेमारीबंदी. पण तेव्हा पाऊस. अशांसाठी पुढच्या वर्षी स्लॅबचे घर आणि जाड पडदे शोधून जुलैचा आठवडा ठेवावा लागेल.

या शाखेच्या माणसांना एक गोष्ट सारखी आठवण करून द्यावी लागते. माइक समोर आला की ते माशांची शास्त्रीय नावे सांगू लागतात. ‘घरी काय म्हणायचात?’ हे प्रत्येक नावाला विचारावे. सरंगा हे नाव प्रत्येक बंदरावर एकाच माशाला लावत नाहीत. गावचे नाव, बंदर आणि शास्त्रीय नाव तिन्ही एका ओळीत आले तरच ती नोंद पुढच्या अभ्यासकाला कामाची. जाळ्यांचेही तेच: रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) ओढायला किती माणसे, दोर कशाचा, वाटणी कशी, हे पदवीच्या अभ्यासात नव्हते आणि माजी विद्यार्थ्याच्या घरात होते. पदवी आणि घर जिथे एकमेकांना भिडतात तो भाग सर्वांत मोलाचा, तिथे घाई करायची नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गुहागरची राहिलेली मुलाखत, ओहोटीत. गाज जवळजवळ नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. बिघाड

कालच्या फाइलमध्ये दुसऱ्या वाहिनीवर मधूनमधून तडतड. तार बदलली, तडतड राहिली. रेकॉर्डर बदलला, राहिली. माइक बदलला, गेली. कारण ओल. कंडेन्सर माइकच्या पडद्यामागे विजेचा भार असतो. त्यावर दमट थर बसला की भार गळतो आणि तडतडतो. माइक गाडीत एसीसमोर थंड झाला आणि घरात आल्याबरोबर डब्यातून काढला गेला, म्हणून थंड धातूवर दंव धरले.

नियम: गाडीतून उतरल्यावर डबा बंद ठेवून खोलीत पाऊण तास ठेवायचा. तेवढ्या वेळात घर बघावे, कागद समजावून सांगावेत. भिजलेला माइक सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा कधीही मारू नये, पडदा ताणला जातो. पहिल्या वाहिनीमुळे मुलाखत वाचली. दोन माइकांचा आग्रह यासाठीच. आणि हेडफोन शेवटपर्यंत कानावर ठेवले असते तर तडतड तिथल्या तिथे ऐकू आली असती. मुलाखत रंगली की विचारणारा हेडफोन काढून ठेवतो. यापुढे ऐकणारा आणि विचारणारा अशी दोन वेगळी माणसे.

२४ नोव्हेंबर, रविवार. देवगड. हात बोलतात तेव्हा

कृषी पदवीधर, नंतर स्वतःची बाग. पहिला अर्धा तास भाषणासारखा गेला. मग कलमाचा चाकू मागितला आणि ‘कोय कलम बांधून दाखवता का?’ असे विचारले. हंगाम जुलै-ऑगस्टचा, रोप हाताशी नव्हते. आवळ्याच्या दोन काड्यांवर दाखवले. पुढची चाळीस मिनिटे या टप्प्यातली सर्वांत चांगली आहेत.

हातकामाची मुलाखत ऐकणाऱ्याला दिसत नाही, म्हणून प्रत्येक हालचालीला शब्द काढून घ्यावा लागतो. ‘असे धरायचे’ म्हटले की लगेच ‘असे म्हणजे कोणत्या बोटांत?’ ‘एवढे’ म्हटले की पट्टी लावून आकडा मोठ्याने वाचायचा. त्यातून निघालेली कृती तपासून पाहता येते: कोय रुजून आठ ते पंधरा दिवस झालेले, तांबूस पानांचे रोप, कोयीपासून पाचसात सेंटिमीटरवर शेंडा छाटून मधोमध चारपाच सेंटिमीटर उभी खाच, तीनचार महिन्यांच्या जून फांदीची, रोपाच्याच जाडीची दहा ते पंधरा सेंटिमीटरची काडी, खालचे टोक पाचरीसारखे, खाचेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायचे. काडीची पाने आठदहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली असली की डोळा फुगलेला मिळतो. मग विचारायचे ते मरतूक कशाने होते हे. पाठ्यपुस्तकात कृती असते; चुकलेली कलमे माणसाच्या आठवणीत असतात. जाडी न जुळणे, पट्टी सैल राहून आत पाणी जाणे, काडी कोवळी असणे, ही कारणे प्रत्येकाने स्वतः मोजलेली असतात.

बाहेर मोहोराच्या आधीची फवारणी चालू होती. एचटीपी पंपाची (जास्त दाबाच्या फवारणी पंपाची) धडधड दोन वाड्यांपलीकडूनही येते. शेजाऱ्यांना विनंती करून दीड तास पंप थांबवून घेतला. विनंती आदल्या दिवशी केली तरच चालते, पंपात औषध कालवून झाल्यावर नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार. मालवण. उतारे

स्वच्छ प्रमाण मराठीतल्या तासाभराच्या बोलण्याचा उतारा करायला, म्हणजे ते ऐकून लिहून काढायला, पाच ते सहा तास लागतात. मालवणीला आठ, कधी दहा. स्वयंचलित लेखन वापरून पाहिले आणि थांबवले. ते मालवणी ‘इलंय’चे ‘आलोय’ करते, ‘खंय’चे ‘कुठे’, ‘माका’चे ‘मला’. वाचायला सोपे, पण बोलणारा त्यातून पुसला जातो. विद्यापीठातल्या वर्षांत भाषा बदलली, घरी परतल्यावर ती पुन्हा पालटली, हाच इथला एक मोठा विषय. एकच माणूस वर्गाबद्दल बोलताना प्रमाण मराठीत जातो आणि आईबद्दल बोलताना मालवणीत येतो. ते वळण उताऱ्यात दिसलेच पाहिजे.

ठरवले ते असे. उच्चार ऐकू येतो तसा लिहायचा, अर्थ वेगळ्या रकान्यात. दर मिनिटाला वेळेची खूण. न कळलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही, वेळ लिहून मोकळा सोडायचा आणि त्याच गावातल्या माणसाला ऐकवायचा. मांगर, व्हाळ, कवळ, राब, खाजण, सडा असे शब्द एका कोशात वेगळे काढले. मुंबईत बसून लिहिणाऱ्याने ‘खाजण’चे ‘खाजगी’ केल्याचे आढळले. लांब थांबे सेकंदांत लिहायचे. सहा सेकंद गप्प राहून दिलेले उत्तर आणि लगेच दिलेले उत्तर एकसारखे नसते.

३० नोव्हेंबर, शनिवार. वेंगुर्ले. तीन तारखा

फळ संशोधन केंद्र इथे १९५७ पासून. वेंगुर्ले क्रमांकांच्या काजूच्या जाती याच गावाच्या नावाने कोकणभर पसरल्या. इथल्या मुलाखतींत कागद आणि आठवण यांची सारखी ओढाताण होते. उदाहरण रत्ना आंब्याचे. नीलम आणि हापूस यांचा हा संकर विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केला. रत्ना आणि हापूसपासून सिंधू १९९२ मध्ये, जवळजवळ कोयच नसलेला. बोलणारा मात्र याहून खूप आधीचे साल सांगतो आणि तो चुकत नसतो. आंब्याच्या संकराला परागसिंचन एका वर्षी, रोपाला पहिले फळ कितीतरी वर्षांनी, मग हंगामामागून हंगाम निरीक्षणे, आणि शेवटी प्रसारण. ज्याने विद्यार्थी असताना मोहोराला पिशव्या बांधल्या त्याचे ‘रत्ना’ पिशवीच्या दिवशी जन्मले. ज्याने पहिले फळ कापून साका (गरातला खराब भाग) नाही हे पाहिले त्याचे त्या दिवशी.

म्हणून उताऱ्यात बोललेले साल तसेच ठेवायचे, दुरुस्त करायचे नाही. टीपेत कागदावरचे साल द्यायचे आणि बोलणारा नेमक्या कोणत्या टप्प्याबद्दल बोलतो ते लिहायचे. यासाठी मुलाखतीतच पुढचा प्रश्न तयार हवा: ‘मॅडम, ते झाड तेव्हा केवढे होते?’ कमरेएवढे, डोक्यावर, की शिडी लागण्याएवढे. यावरून टप्पा कळतो.

जुने फोटो बरेच आले. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत, थर सुटतो. पानासकट ६०० डीपीआयवर स्कॅन केले. मागची बाजूही स्कॅन करावी, नावे तिथेच असतात. गटफोटोतली माणसे डावीकडून उजवीकडे बोलत ओळखून घेतली आणि तोही आवाज जपला.

२ डिसेंबर, सोमवार. वेंगुर्ले. संमतीपत्र

आज देवदिवाळी, आसपासच्या गावांत जत्रा आणि रात्री दशावतार. ध्वनिमुद्रण नाही, कागद तपासले.

आपल्या संमतीपत्रात एक मोठी उणीव सापडली. मुदत आणि प्रदेश लिहिलेला नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीने द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे आजची संमती पाच वर्षांनी संपली असती. नवा मसुदा मराठीत, एका पानाचा, मोठ्या अक्षरात. मुदत, प्रदेश, कशासाठी वापर, प्रत कुणाकडे राहील, हे वेगवेगळ्या ओळींत. पुढे तीन चौकटी: सर्वांसाठी खुले, नाव न देता खुले, ठरलेल्या वर्षापर्यंत बंद. त्याखाली मोकळी जागा, कारण बहुतेकांना सगळे बंद नको असते, एखाद्या सहकाऱ्याबद्दलची दहा मिनिटे तेवढी बंद हवी असतात. ती मिनिटे वेळेच्या खुणेसह लिहायची.

सही मुलाखतीच्या आधी घेऊ नये. आधी माहितीपत्रक आणि तोंडी होकार. बोलून झाल्यावर, काय बोललो ते माहीत असताना, सही. ज्यांच्या सह्या जुन्या कागदावर झाल्या त्या सर्वांकडे पुन्हा जायचे. फोनवर भागणार नाही.

५ डिसेंबर, गुरुवार. रत्नागिरी

एकूण १३ मुलाखती, १९ तास ४० मिनिटे, सुमारे २०.४ गिगाबाइट. प्रती तीन: एक काम चाललेल्या डिस्कवर, एक वेगळ्या प्रकारच्या माध्यमावर, एक किनाऱ्यापासून दूर घाटावर. चिपळूणला पुराने एका रात्रीत काय काय नेले ते सर्वांना ठाऊक आहे. तिन्ही प्रती एका खोऱ्यात ठेवायच्या नाहीत. प्रत्येक फाइलची शा-२५६ बेरीज (नक्कल मुळाबरहुकूम आहे का ते पडताळणारी खूण) कार्डावरच काढून घेतली आणि नकलांशी जुळवली. एका फाइलची जुळली नाही, कार्ड वाचणारे यंत्र सदोष निघाले. पुन्हा उतरवली, जुळली. सर्व बेरजा जुळल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. फाइलच्या नावात तारीख, गावाचा संकेत आणि क्रमांक, फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा. देवनागरी नावे काही जुन्या यंत्रांवर चौकोन होऊन येतात. माणसाचे नाव फाइलला द्यायचे नाही, ते फक्त कुलूपबंद यादीत.

घरच्यांसाठीची प्रत एमपी३ मध्ये, पेनड्राइव्हवर, सोबत उतारा छापून. उतारा वाचून दुरुस्त्या कळवायला सहा आठवडे. पोस्टाने पाठवू नये, ओळखीच्या हाती द्यावा आणि समोर पहिली पाच मिनिटे वाजवून दाखवावीत. पेनड्राइव्ह कुठे खुपसायचा हे विचारायला ज्येष्ठांना संकोच वाटतो.

राहिलेले: नव्या संमतीपत्रावर नऊ सह्या. मालवणी उताऱ्यांतले ३१ मोकळे शब्द. देवगडची कलमाची मुलाखत जुलैत पुन्हा, या वेळी खरे रोप आणि खरी काडी घेऊन, कौलारू नसलेल्या घरात. दापोलीच्या यादीतले दोघे मुंबईला मुलांकडे आहेत, मे महिन्यात गावी येतात. त्यातले एक ८१ वर्षांचे. मेची वाट न पाहता त्यांच्याकडे या महिन्यात मुंबईतच जायचे. गाडी नको, एक रेकॉर्डर, दोन माइक, गोधडी.